चेंडू गडग्यापलीकडे गेला तर?

७ ऑगस्ट २०२१. शनिवारची सकाळ. ज्यांनी जन्मात गोल्फचा क्लब हातात धरला नव्हता, असे लाखो लोक त्या दिवशी टोकियो ऑलिंपिकमधला महिलांचा गोल्फ बघत होते. अदिती अशोक चार दिवसांत २६९ फटके खेळली. कांस्यपदक २६८ वर गेलं. एका फटक्याने ती चौथी आली.

ते बघताना घरोघरी एकच कोडं पडलं होतं. मध्येच कोणी खेळाडू चेंडू हातात उचलतो, गुडघ्यापर्यंत आणतो आणि सोडून देतो. कोणी गवतातलं पान बाजूला करतो. कोणी पाण्याकडे एक नजर टाकतो, खिशातून नवा चेंडू काढतो आणि पुढे चालू लागतो. पंच कुठेच दिसत नाही. मग चेंडू हवा तिथे टाकायची मुभा आहे की काय? एका फटक्याने पदक हुकतं, तिथे हे कसं चालतं?

आपल्या रत्नागिरीकडच्या माणसाला हे समजायला खरं तर सोपं जावं. भातकापणी झाली की मळ्यात क्रिकेट सुरू होतं. तिथले नियम कुठे छापलेले नसतात. गडग्यापलीकडे थेट गेला तर आउट, माडाला लागला तर दोन धावा, गोठ्यात शिरला तर डेड बॉल. मैदान सपाट नाही, चौकोनी नाही, आणि वाडीगणिक वेगळं आहे, म्हणून हे नियम करावे लागतात. गोल्फचं दुखणं नेमकं हेच आहे. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं मैदान, खारघरच्या डोंगराखालचं सिडकोचं मैदान आणि येरवड्याचं पूना गोल्फ क्लबचं मैदान ही तीन निरनिराळी मैदानं आहेत. कुठे झाडं, कुठे तळी, कुठे उतार. त्यामुळे नियमपुस्तकाचा मोठा भाग ‘चेंडू भलतीकडे गेला तर काय’ या एकाच प्रश्नात खर्ची पडतो.

हे फार जुनं आहे. गोल्फचे पहिले लिखित नियम १७४४ साली स्कॉटलंडमधल्या लीथ इथे झाले. ते फक्त १३ होते, आणि त्यातही माणूस, घोडा किंवा कुत्रा चेंडूच्या आड आला तर काय करायचं याची तजवीज होती. आज स्कॉटलंडची ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेची ‘यूएसजीए’ या दोन संस्था मिळून जगाचे नियम ठरवतात. २०१९ साली त्यांनी नियमांची मोठी साफसफाई केली. २०२३ पासून पुस्तकात २५ नियम आहेत.

दोन तत्त्वं आणि एक प्रश्न

सगळ्या नियमांच्या मुळाशी दोन तत्त्वं आहेत. चेंडू जिथे पडला तिथूनच खेळायचा. मैदान जसं मिळालं तसंच घ्यायचं, म्हणजे आड येणारी फांदी मोडायची नाही, चेंडूमागचं गवत पायाने दाबायचं नाही.

पण नेहमी असं जमत नाही. मग मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: चूक कोणाची? नियमपुस्तकात तो या शब्दांत लिहिलेला नाही, पण बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं. अडचण मैदानाची किंवा त्रयस्थाची असेल तर सुटका फुकट. तुमचा फटका वाकडा गेला असेल तर सुटका मिळते, पण एका दंडाच्या फटक्याच्या मोबदल्यात. आणि नियम मोडलात, तर साधारणपणे दोन फटके दंड. दोघांच्या थेट सामन्यात एकेक होल, म्हणजे सुरुवातीपासून खळग्यापर्यंतचा टप्पा (खळग्यालाही होलच म्हणतात), जिंकत जायचं असतं, तिथे दोन फटक्यांऐवजी ते होलच जातं.

गडगा, पांढरे खुंट आणि हरवलेला चेंडू

सगळ्यात महाग चूक ही. मैदानाची हद्द पांढऱ्या खुंटांनी, कुंपणाने किंवा भिंतीने दाखवलेली असते. अख्खा चेंडू हद्दीबाहेर गेला, तर तिथे जाऊन तो मारता येत नाही. आधीचा फटका जिथून मारला त्या जागी परत यायचं आणि पुन्हा मारायचं. टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारलेला पहिला फटका बाहेर गेला, तर तो एक, दंडाचा एक, आणि टीवरून पुन्हा मारता तो तिसरा. फटका गेला आणि अंतरही गेलं.

हरवलेल्या चेंडूलाही हाच हिशेब. शोधायला तीन मिनिटं मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळायची. वेळ संपल्यावर चेंडू सापडला तरी तो हरवलेलाच.

पण दोनशे मीटर चालत जायचं, शोधायचं आणि मग मान खाली घालून परत यायचं, तोवर मागची मंडळी खोळंबतात. म्हणून शहाणा खेळाडू शंका आली की तिथूनच दुसरा चेंडू मारून ठेवतो. त्याला प्रोव्हिजनल चेंडू म्हणतात. तो मारण्यापूर्वी ‘प्रोव्हिजनल खेळतोय’ असं स्पष्ट सांगावं लागतं. नुसतं ‘अजून एक मारतो’ म्हणालात, तर तोच तुमचा खरा चेंडू ठरतो आणि पहिला गवतात सुखरूप सापडला तरी बाद होतो. नवशिक्यांचे किती फटके या एका न उच्चारलेल्या शब्दापायी जातात! पहिला चेंडू हद्दीत सापडला, की प्रोव्हिजनल बिनदंडाचा उचलून घ्यायचा.

क्लबांच्या रोजच्या खेळासाठी एक सवलतही आहे, पण मैदानाच्या समितीने ती जाहीर केलेली हवी. परत न जाता, चेंडू जिथे हरवला किंवा बाहेर गेला त्याच्या अंदाजाने फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यात, दोन दंडाचे फटके घेऊन चेंडू टाकता येतो. मग पुढचा फटका चौथा. व्यावसायिक स्पर्धांमध्ये ही सवलत नसते.

आता गंमत बघा. चेंडू आतच आहे, पण हद्दीच्या गडग्याला चिकटून. क्लब मागे नेता येत नाही. मैदानातल्या पक्क्या वाटेवर चेंडू थांबला तर सुटका फुकट. पंपघराची भिंत क्लब फिरवण्याच्या आड आली तरी फुकट. हद्दीचा गडगा मात्र अपवाद आहे. तो अडथळा मानला जात नाही, तिथे फुकट काही नाही. जसा आहे तसा मारा, नाहीतर चेंडू खेळण्याजोगा नाही असं जाहीर करून एक फटका भरा. मला हा नियम थोडा कडक वाटतो, पण त्यामागचा हिशेब उघड आहे: हद्दीला जाऊन भिडायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

पाणी: तळ्याचं आणि पावसाचं

तळं, ओढा, खाडीचा फाटा हे मैदानाचे कायमचे भाग. त्यांना पेनल्टी एरिया म्हणतात आणि हद्द लाल किंवा पिवळ्या खुंटांनी दाखवतात. चेंडू आत गेला तर पहिला पर्याय फुकटचा आहे: दिसतोय आणि जमतंय तर तिथूनच मारा. २०१९ पासून क्लब जमिनीला टेकवला तरी चालतं. नाही जमलं, तर एक दंड भरून बाहेर या.

बाहेर कुठे यायचं, यावर मैदानात सगळ्यात जास्त वाद होतात. चेंडू पाण्यात कुठे पडला याला काहीच महत्त्व नाही. त्याने शेवटी हद्द कुठे ओलांडली, ती जागा महत्त्वाची. समजा, चेंडू ओढ्याच्या अलीकडच्या काठावरून उडाला आणि पाण्यात मध्यावर पडला. त्याने अलीकडचा काठ ओलांडला, तोच तुमचा बिंदू. होल आणि हा बिंदू एका रेषेत धरून त्या रेषेवर मागे हवं तितकं जा आणि चेंडू टाका. खुंट लाल असेल तर आणखी एक सोय आहे: त्या बिंदूपासून दोन क्लबच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, बाजूला टाकता येतो. क्लबचं अंतर म्हणजे पिशवीतला पटर (चेंडू होलमध्ये ढकलायचा क्लब) सोडून सगळ्यात लांब क्लब. बहुतेकांचा तो चार फुटांना थोडा कमी भरतो. पिवळ्या खुंटाला ही बाजूची सोय नाही. आणि दोन्हीकडे पुन्हा मूळ जागी जाऊन मारायचा पर्याय असतोच.

पावसाचं पाणी वेगळं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथल्या माणसाला ‘तात्पुरतं पाणी’ म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. फेअरवेवर डबकं साचलं, तर चूक तुमची नाही. चेंडू डबक्यात असो किंवा उभं राहताना तुमचे पाय पाण्यात येत असोत, सुटका फुकट. पाणी मात्र डोळ्यांना दिसलं पाहिजे. पाय जोरात दाबून वर काढलेलं पाणी चालत नाही, आणि दंवही त्यात मोजत नाहीत. ज्या जागी तुमचा उभं राहण्याचा आणि क्लब फिरवण्याचा अडसर पूर्ण जातो, अशी सगळ्यात जवळची जागा शोधायची आणि तिथून एका क्लबच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, चेंडू टाकायचा. सगळ्यात जवळची म्हणजे सगळ्यात सोयीची नव्हे. ती काट्यात निघाली तर आधी बघून ठरवा. डबक्यातूनच मारणं परवडलं असतं, असंही होतं.

पावसाळ्यात चेंडू स्वतःच्याच खळग्यात रुतून बसतो. मैदानाच्या सर्वसाधारण भागात त्यालाही फुकट सुटका आहे. वाळूच्या बंकरमध्ये नाही.

*चेंडू टाकायचा कसा?* टीव्हीवर दिसलेलं ते गूढ कृत्य म्हणजे ड्रॉप. खेळाडूने स्वतः, सरळ उभं असताना गुडघा जितक्या उंचीवर असतो तिथून, न फिरवता, न फेकता चेंडू सोडायचा. तो ठरलेल्या जागेत पडला पाहिजे आणि तिथेच थांबला पाहिजे. घरंगळून बाहेर गेला तर पुन्हा एकदा. दुसऱ्यांदाही गेला, तर दुसऱ्या वेळी जिथे पहिल्यांदा टेकला तिथे हाताने ठेवायचा. २०१९ पूर्वी तो खांद्याच्या उंचीवरून सोडायचे आणि चेंडू फार पळायचा.

चौकट: खुंटांचे रंग

पांढरा: हद्द संपली. फटका आणि अंतर दोन्ही जातं. हे खुंट उपटायचे नाहीत.

लाल: पेनल्टी एरिया. एक दंड, मागे रेषेत, मूळ जागी किंवा बाजूला दोन क्लब.

पिवळा: पेनल्टी एरिया. एक दंड, फक्त मागे रेषेत किंवा मूळ जागी.

दुरुस्तीतली जमीन: रंग समिती ठरवते. सुटका फुकट.

आंबा, कातळ आणि करवंदीची जाळी

चेंडूजवळ झाडावरून गळून पडलेला आंबा आहे. काढायचा की नाही? खुशाल काढा. जे नैसर्गिक आहे आणि सुटं आहे, ते कुठेही, अगदी बंकरमध्येही, बाजूला करता येतं: पानं, काटक्या, दगड, शेण, किडे. कोळ्याचं जाळं फांदीला चिकटलेलं असलं तरी ते सुटंच धरतात. पण आंबा देठाला लटकत असेल तर तो झाडाचा भाग. त्याला हात लावून वाट मोकळी केलीत तर दोन फटके.

दगडाची गंमत अशी की तो केवढा आहे याला नियमात मर्यादा नाही. १९९९ साली अॅरिझोनातल्या फिनिक्स ओपनमध्ये टायगर वुड्सच्या चेंडूपुढे एक भलामोठा धोंडा होता. नियम-अधिकाऱ्याने तो सुटा आहे असं सांगितलं. प्रेक्षकांनी दम लावून तो लोटला आणि वुड्स मोकळा झाला. हाच धोंडा जमिनीत घट्ट रुतलेला असता, तर हलवायची परवानगी नव्हती. आपल्या सड्यावरच्या जांभ्याच्या कातळाला म्हणूनच काही इलाज नाही. तो मैदानच आहे.

पान उचलताना चेंडू हलला, तर मात्र एक फटका दंड आणि चेंडू मूळ जागी. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, आणि टीवर हा दंड नाही. तेच पानाऐवजी प्लास्टिकची बाटली किंवा बंकरचा दाताळा असेल, तर चेंडू हलला तरी दंड नाही, फक्त परत ठेवा. बाटली माणसाने टाकलेली, पान निसर्गाचं. मैदान जसं आहे तसं घ्यायचं म्हटल्यावर पान हा मैदानाचा भाग, बाटली नव्हे.

करवंदीच्या जाळीत चेंडू गेला, तर रक्त काढत मारा, नाहीतर खेळण्याजोगा नाही म्हणून एक फटका भरा. त्या एका फटक्यात तीन वाटा मिळतात: मूळ जागी जा, होलपासूनच्या रेषेत मागे जा, किंवा दोन क्लबच्या अंतरात बाजूला टाका. काटे कितीही असले तरी फुकट सुटका नाही. पण त्याच जाळीच्या तोंडाशी फुरसं वेटोळं घालून बसलं असेल तर? विषारी साप, डंख मारणाऱ्या माश्या अशा जिवावरच्या प्राण्यांपासून सुटका फुकट आहे. मात्र चेंडू जाळीत इतका आत असेल की फुरसं नसतं तरी मारता आला नसता, तर फुरशाचं नाव पुढे करून सुटका मागता येत नाही. नियम करणाऱ्यांनी माणसाचा स्वभाव चांगला ओळखलेला आहे.

माकडाने पळवला, कावळ्याने उचलला

कोकणात आंबेबागायतदाराला विचारा, माकड काय करू शकतं ते. गोल्फमध्ये एकच बघायचं: चेंडू थांबलेला होता की चालता?

थांबलेला चेंडू माकडाने, कुत्र्याने किंवा दुसऱ्या गटातल्या माणसाने हलवला, तर दंड नाही, चेंडू मूळ जागी ठेवायचा. पळवलाच असेल तर दुसरा चेंडू ठेवायचा. जागा नक्की माहीत नसेल तर अंदाजाने. पण ‘माकडानेच नेला असणार’ एवढं म्हणून भागत नाही. कोणी पाहिलेलं हवं, किंवा उपलब्ध सगळी माहिती बघता किमान ९५ टक्के शक्यता तीच हवी. नाहीतर चेंडू हरवला, चला परत टीवर.

चालता चेंडू कुत्र्याला लागून वळला, तर तो नशिबाचा भाग. जिथे थांबेल तिथून मारा. फक्त ग्रीनवरून मारलेला चेंडू ग्रीनवर कुत्र्याला किंवा दुसऱ्या माणसाला लागला, तर तो फटका मोजत नाहीत, पुन्हा मारायचा.

वारा हा त्रयस्थ नाही. वाऱ्याने चेंडू हलला तर नव्या जागेवरून खेळायचं, मग तो होलजवळ गेला असला तरी. एक अपवाद ग्रीनचा: चेंडू एकदा उचलून परत ठेवला असेल आणि मग वाऱ्याने सरकला, तर मूळ जागी आणायचा.

बंकर आणि ग्रीन, थोडक्यात

बंकरमध्ये फटक्यापूर्वी वाळूची परीक्षा घ्यायची नाही: हाताने चाचपणं, सरावाचा फटका मारून वाळू उडवणं, क्लब चेंडूच्या लगेच पुढे किंवा मागे टेकवणं, यातलं काही केलंत तर दोन दंड. ग्रीनवर उलट लाड आहेत. खूण ठेवून चेंडू उचला, पुसा, चुकून पायाने हलला तरी दंड नाही. झेंड्याची काठी होलमध्ये राहू दिली तरी चालते. फक्त दुसऱ्याचा थांबलेला चेंडू वाटेत असेल तर खूण ठेवून उचलायला सांगा; दोन्ही चेंडू ग्रीनवर असताना तुमचा त्याला जाऊन लागला, तर फटके मोजण्याच्या स्पर्धेत तुम्हाला दोन दंड.

मग पंच कुठे आहे?

मोठ्या स्पर्धेत नियम-अधिकारी असतात, पण प्रत्येक चेंडूमागे नाही. दंड खेळाडूने स्वतःहून सांगायचा. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सचा चेंडू लांब गवतात, फटका मारण्याआधी किंचित हलला. दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं. जोन्सने स्वतःवर एक फटका लावून घेतला. स्पर्धा बरोबरीत सुटली आणि जादा फेऱ्यांत तो विली मॅकफार्लेनकडून हरला. लांब गवतात खेळाडूमुळे चेंडू हलला, तर आजही एक फटका दंड लागतो.

गुणपत्रिकेचंही तसंच. तुमचे फटके सहखेळाडू लिहितो, सही तुम्ही करता. १९६८ च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाच्या रॉबर्टो द विसेंझोने शेवटच्या फेरीत ६५ फटके मारले. लिहिणाऱ्याने सतराव्या होलवर तीनऐवजी चार मांडले, आणि विसेंझोने न तपासता सही केली. जास्तीचा आकडा कायम राहतो, त्यामुळे ६६ धरले गेले आणि बरोबरीचा निर्णायक सामना खेळायची संधी गेली. बॉब गोलबी विजेता ठरला. आकडा कमी लिहिला गेला असता तर थेट बाद. बाकी नियम मला पटतात, हा नियम क्रूर वाटतो. सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलेला फटका सहीपुढे खोटा ठरावा, हे काही खरं नाही.

तुम्ही पहिल्यांदा मैदानात उतरणार असाल, तर टीवर जाण्याआधी क्लबचे स्थानिक नियम वाचून घ्या. गुणपत्रिकेच्या मागे किंवा सूचनाफलकावर ते असतात. खेळताना एखाद्या ठिकाणी अडलात आणि कोणालाच उत्तर ठाऊक नसलं, तर फटके मोजण्याच्या स्पर्धेत दोन चेंडू खेळून ते होल पूर्ण करता येतं. कोणता मोजावा असं तुम्हाला वाटतं ते मारण्यापूर्वीच सांगा, आणि गुणपत्रिका देण्याआधी समितीला कळवा. दोन्ही चेंडूंचे फटके सारखे आले तरी कळवणं सक्तीचं आहे, नाहीतर बाद व्हाल. वीज कडाडायला लागली, तर कोणाची परवानगी न मागता खेळ थांबवा; त्याला दंड नाही. आणि आर अँड ए चं नियमांचं अॅप मोबाइलवर फुकट मिळतं, ते उतरवून घ्या.